थरथर आणि गचके : जुन्या पिकअप गाडीचे रोगनिदान

कुंभकोणम् शहरापासून थोड्याच अंतरावर दारासुरम् येथे ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. चोल राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात ते बांधविले. मंदिराच्या पुढच्या मंडपाला शिल्पकारांनी रथाचे रूप दिले असून त्याच्या बाजूस दगडी चाके आणि घोडे कोरलेले आहेत. आठशे वर्षे उलटली तरी या रथाचे चाक एकदाही थरथरलेले नाही. कारण ते एकदाही फिरलेले नाही. जे फिरते त्याच्या वाट्याला मात्र थरथर येतेच. ती किती यावी आणि कोठून यावी, एवढाच काय तो प्रश्न असतो.

मंदिरातून बाहेर पडून रस्त्यावर आले की या प्रश्नाची उदाहरणे डोळ्यांसमोरून धावू लागतात. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमध्ये वसलेले कुंभकोणम् हे विड्याच्या पानांसाठी व पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाला ते आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. तंजावरच्या भोसले राजवटीबरोबर कावेरीकाठी स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी एका घराण्यात राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी झाला. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले. या सुपीक प्रदेशातील पाने, केळी, भात आणि भाजी बाजारात पोहोचविण्याचे काम आज पुष्कळ अंशी लहान पिकअप गाड्या करतात. त्यांपैकी कित्येक गाड्या जुन्या झालेल्या असतात, आणि एकेका गाडीवर एकेका कुटुंबाचे पोट चालत असते.

अशी गाडी एके दिवशी थरथरू लागते किंवा गचके खाऊ लागते. मालक प्रथम टायर बदलतो. थरथर जात नाही. मग शॉक अब्सॉर्बर बदलतात, नंतर क्लच उघडतात. प्रत्येक वेळी पैसे जातात, दिवस मोडतो आणि भरलेली पाने सुकतात. रोग मात्र जागच्या जागी राहतो. वैद्याने नाडी न पाहताच औषधे द्यावीत, त्यातलाच हा प्रकार होय. गाडीलाही नाडी असते. ती मोजता येते, आणि ती मोजण्यास शाळेत शिकलेल्या गणिताहून अधिक गणित लागत नाही. ते कसे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

दोन वेगळ्या तक्रारी

प्रथम शब्द नीट वापरले पाहिजेत. चालक ‘गाडी हलते’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. थरथर म्हणजे नियमित कालांतराने पुन्हा पुन्हा होणारे कंपन. ते सुकाणूच्या चाकात, आसनात, तळाच्या पत्र्यात किंवा आरशात जाणवते. गचका म्हणजे गाडीला पुढे ढकलणारे बल एकाएकी तुटणे आणि पुन्हा लागणे. त्या वेळी चालकाची मान पुढेमागे हलते. थरथरीचे मूळ बहुधा एखाद्या फिरणाऱ्या भागाच्या असंतुलनात किंवा झिजेत असते; गचक्याचे मूळ बहुधा इंधनात, ज्वलनात किंवा क्लचमध्ये असते. या दोहोंची गल्लत झाली की पुढचा सारा तपास चुकीच्या दिशेने जातो.

लहान वजन, मोठे बल

फिरणारी वस्तू थरथरते का? दगड दोरीला बांधून फिरविला तर तो हाताला बाहेरच्या बाजूस ओढतो, हे प्रत्येकाने अनुभविले आहे. चाकाच्या परिघावर एका बाजूस थोडे जास्त वजन असले, तर तेही चाकाच्या आसाला असेच ओढते. मात्र चाक फिरत असल्याने या ओढीची दिशा प्रत्येक क्षणी बदलते, आणि आस वरखाली व मागेपुढे हिसकला जातो.

ही ओढ केवढी असते? समजा, चाकाच्या कडेजवळ, मध्यापासून २० सेंटिमीटर अंतरावर, २० ग्रॅम वजन अधिक आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल आणि टायरचा घेर २.२ मीटर असेल, तर चाक सेकंदाला सुमारे साडेसात फेरे घेते. एवढ्या वेगाने हे २० ग्रॅम आसाला जवळजवळ ९०० ग्रॅम वजनाइतक्या बलाने ओढतात. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी ३० किलोमीटर वेगाला ते पाव किलोहूनही कमी असते, तर ताशी ९० किलोमीटरला ते दोन किलोंच्या आसपास पोहोचते. गावात शहाण्यासारखी चालणारी गाडी मोठ्या रस्त्यावर लागताच का थरथरते, याचे एक कारण येथे मिळते.

चाकाच्या कडेला शिशाचे लहान तुकडे लावून हे असंतुलन दूर करतात. यावरून याच कावेरीच्या काठी जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाच्या शोधाची आठवण होते. तिरुचिरापल्ली येथे १८८८ साली जन्मलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली मृदंगासारख्या वाद्यांच्या कंपनांवर एक निबंध प्रसिद्ध केला. चामड्याच्या मध्यावर लावलेल्या शाईच्या वजनामुळे त्या वाद्याचे उपस्वर सुसंवादी होतात, असे त्यात दाखविले होते. मृदंगातील शाई कंपनांना सुरेल करते, तर चाकावरचे शिसे कंपन नाहीसे करते. हा भेद ध्यानात ठेवावा. परंतु योग्य जागी ठेवलेले थोडेसे वजन सारे चित्र पालटू शकते, हे तत्त्व दोन्हीकडे खरे आहे.

गाडीची नाडी

पिकअप गाडीत मुख्यतः तीन गोष्टी तीन निरनिराळ्या गतींनी फिरतात : चाके, प्रोपेलर शाफ्ट आणि इंजिन. इंजिनाची शक्ती गियरबॉक्समधून मागच्या आसापर्यंत नेणारा, गाडीच्या पोटाखालचा लांब नळीसारखा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. जुन्या पिकअप गाड्यांत इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना अशी मांडणी सर्रास आढळते. म्हणून हा दांडा तेथे असतोच.

ताशी ६० किलोमीटर वेगाला चाके सेकंदाला साडेसात फेरे घेतात, हे वर आले. मागच्या आसातील डिफरन्शियलच्या दात्यांचे प्रमाण चारास एक असे धरले, तर शाफ्ट सेकंदाला ३० फेरे घेईल. गाडी थेट चालनेच्या वरच्या गियरमध्ये असेल तर इंजिनाचेही तेवढेच, म्हणजे मिनिटाला १,८०० फेरे होतील. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यास दोन स्फोट होतात, तेव्हा स्फोटांची संख्या सेकंदाला ६० होईल.

साडेसात, तीस आणि साठ : या गाडीची नाडी या तीन आकड्यांत आहे. आपल्या गाडीच्या टायरचा घेर फितीने मोजावा, डिफरन्शियलचे प्रमाण तिच्या माहितीपुस्तकात पाहावे आणि हे आकडे स्वतः काढावेत.

आता निसर्गाने आपल्याला एक सोय करून ठेविली आहे. सेकंदाला सुमारे २० पेक्षा कमी कंपने कानाला स्वर म्हणून ऐकू येत नाहीत. ती अंगाला हिसक्यांसारखी जाणवतात. त्याहून अधिक कंपने गुणगुणण्यासारखी ऐकू येऊ लागतात. म्हणून सुकाणू हातात डुलू लागले, हिसके जवळजवळ मोजता येऊ लागले, तर संशय चाकांवर घ्यावा. आसनाखाली मुंग्या आल्यासारखे वाटून पत्र्यातून घुमणारा आवाज येऊ लागला, तर शाफ्टवर घ्यावा. ज्याला याहून अचूक मोजमाप हवे असेल त्याने हल्लीच्या भ्रमणध्वनीचा उपयोग करावा. त्यात त्वरण मोजणारे सूक्ष्म यंत्र असते, आणि त्याच्या साहाय्याने कंपनसंख्या दाखविणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत. मात्र हे मोजमाप शेजारी बसलेल्याने करावे, चालकाने नव्हे.

चार प्रश्न

रोगी बोलत नसला तरी त्याला प्रश्न विचारता येतात. गाडीला विचारावयाचे प्रश्न चार आहेत. ते मोकळ्या, सरळ रस्त्यावर, अनुभवी चालकानेच विचारावेत.

पहिला प्रश्न : उभ्या गाडीत थरथर येते का? गाडी उभी करून, गियर न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन हळूहळू त्याच फेऱ्यांपर्यंत वाढवावे. गाडी तशीच थरथरली, तर चाके आणि शाफ्ट दोन्ही निर्दोष सुटतात. कारण ती फिरतच नाहीत. दोष इंजिनात, इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसविलेले असते त्या माउंटिंगमध्ये किंवा क्लचच्या फिरत्या भागांत असला पाहिजे.

दुसरा प्रश्न : गियर बदलल्याने थरथर बदलते का? त्याच ताशी ६० किलोमीटर वेगाला वरच्या गियरऐवजी खालचा गियर टाकला, तर चाके आणि शाफ्ट यांचे फेरे तेवढेच राहतात, पण इंजिनाचे फेरे वाढतात. थरथर जशीच्या तशी राहिली, तर ती चाकांची किंवा शाफ्टची होय. ती बदलली, तर तिचे नाते इंजिनाशी आहे.

तिसरा प्रश्न : भार काढल्यावर काय होते? थरथरीचा वेग गाठल्यावर क्लच दाबून गाडी काही क्षण आपल्या गतीने जाऊ द्यावी. इंजिन मुळीच बंद करू नये. तसे केल्यास ब्रेकला मिळणारे साहाय्य नाहीसे होते. थरथर कायम राहिली, तर चाकांचे किंवा शाफ्टचे असंतुलन संभवते. ती एकदम कमी झाली, तर दोष इंजिनात किंवा ओढीखाली ताण घेणाऱ्या सांध्यात असतो.

चौथा प्रश्न : ब्रेक दाबल्यावरच थरथर येते का? तसे असेल तर चाकांचे वजन तपासण्यात अर्थ नाही. ब्रेकचे ड्रम किंवा चकत्या वाकड्या झाल्या आहेत की काय, हे पाहावे.

येथे कोणी शंका काढील की, आमची गाडी ताशी ८० किलोमीटरला थरथरते, पण ९० च्या पुढे नेली की शांत होते. तेव्हा दोष मुळातच नाही असे का म्हणू नये? याचे उत्तर झोपाळ्यात आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके धक्के दिले तर तो उंच जातो. लय सोडून दिलेले मोठे धक्केही व्यर्थ जातात. यालाच अनुनाद म्हणतात. गाडीची चाके व आस टायरांच्या आणि स्प्रिंगांच्या लवचीकपणावर सेकंदाला साधारणतः १० ते १५ वेळा वरखाली होऊ पाहतात. चाकाच्या फेऱ्यांची संख्या या संख्येजवळ आली की थरथर एकदम वाढते, आणि ती ओलांडली की उतरते. थरथर उतरली म्हणजे ओढणारे बल नाहीसे झाले असे नव्हे. उलट ते वाढलेले असते. बेअरिंगे त्याचा मार मुकाट्याने खात असतात.

हूकचा सांधा

चाके निर्दोष ठरली आणि आकडे शाफ्टकडे बोट दाखवू लागले, म्हणजे गाडीखाली जाणे भाग पडते. गियरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला जखडलेला असतो. मागचा आस मात्र पाट्यांच्या स्प्रिंगांवर वरखाली होत असतो. दोघांना जोडणारा शाफ्ट म्हणूनच दोन्ही टोकांस वळू शकणाऱ्या सांध्यांनी जोडावा लागतो. या सांध्यात अधिक चिन्हाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा असतो. मेस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकात या सांध्याचे वर्णन केले, आणि आजही तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

या सांध्यात एक खोड आहे. एका बाजूचा दांडा अगदी एकसारख्या गतीने फिरला, तरी कोनात वळलेला दुसरा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दोन्ही बाजूंस दीड टक्क्याचा असतो; कोन २० अंशांचा झाला तर तो सहा टक्क्यांवर जातो. यावर उपायही तितकाच सुंदर आहे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकास तसाच सांधा, तेवढ्याच कोनात बसविला आणि शाफ्टवरचे दोन्ही काटे एका प्रतलात ठेवले, की पहिल्याने निर्माण केलेला चढउतार दुसरा पुसून टाकतो.

आता हा उपाय कसा बिघडतो ते पाहा. शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून त्यात दात्यांचा सरकता भाग असतो. दुरुस्तीनंतर तो जोडताना काही दाते चुकले, तर काटे एका प्रतलात राहत नाहीत, आणि नवाकोरा क्रॉस बसवूनही गाडी घुमू लागते. म्हणून शाफ्ट सोडविण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची खूण करावी. पाच पैशांच्याही खर्चाचे हे काम नव्हे, पण ते पुष्कळदा राहून जाते. पाट्याचे पान तुटले किंवा माल फार भरला, तर मागच्या सांध्याचा कोन बदलतो. तेव्हा रिकामी गाडी शांत आणि भरलेली गाडी थरथरती असा अनुभव येतो. शेतरस्त्याचा चिखल शाफ्टला चिकटून वाळला, तरी तोल जातो. मध्यापासून ४ सेंटिमीटरांवरचा १० ग्रॅम चिखल सेकंदाला ३० फेऱ्यांच्या वेगाने सुमारे दीड किलो वजनाइतके बल लावतो. पाण्याने धुतल्याने बरा होणारा हा रोग असल्यामुळे तो प्रथम तपासावा.

सर्वांत गंभीर दोष क्रॉसच्या झिजेचा. त्याच्या टोकांवरील टोप्यांत सुईसारखी बारीक बेअरिंगे असतात. ग्रीस संपले की ती कोरडी पडून गंजतात व चुरा होतात. याची लक्षणे तीन : गाडी सुटताना किंवा गियर बदलताना खालून ‘ठक्’ असा आवाज, टोपीभोवती तांबूस गंजाची पूड, आणि हाताने पिरगाळल्यास सांध्यात जाणवणारा खेळ. ही तपासणी सपाट जागी, इंजिन बंद करून, चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावूनच करावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही जाऊ नये.

या लक्षणांची टाळाटाळ करण्यात जिवाचा धोका आहे. धावत्या गाडीचा पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचे टोक रस्त्यावर पडते व रुतून गाडी उसळू शकते. कित्येक गाड्यांत शाफ्टभोवती पोलादी कडे बसविलेले असते ते याचसाठी. मागच्या हौद्यात माल, क्वचित त्या मालावर माणसेही असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे एका क्रॉसची किंमत फार वाटणार नाही.

गचक्यांचे निदान

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. गचका केव्हा येतो, यावरूनच त्याचे निम्मे निदान होते.

गाडी उभी असता सुरू करतानाच ती थरकापली आणि एकदा चालू लागल्यावर शांत झाली, तर क्लचच्या चकतीवर तेल आले असावे किंवा इंजिनाची माउंटिंग फाटली असावी. फार मंद वेगाने वरचा गियर ठेवल्यामुळे गचके येत असतील, तर दोष यंत्राचा नसून चालविण्याचा आहे. गियर खाली घेणे हाच त्यावर इलाज.

रिकामी गाडी नीट धावते, पण माल भरून पुलाचा चढ चढताना गचके खाते, असे असेल तर इंजिनाला पुरेसे इंधन पोहोचत नाही. कावेरीच्या सपाट खोऱ्यात घाट नाहीत. तेथे पुलाचा चढ हीच परीक्षेची जागा. अशा वेळी डिझेलचा फिल्टर तुंबलेला असतो, फिल्टरमध्ये पाणी साचलेले असते किंवा एखाद्या नळीच्या जोडातून हवा आत शिरत असते. मेस्त्री यालाच ‘गाडीने एअर धरली’ असे म्हणतात. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही; म्हणून नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाचा दाब त्या बुडबुड्यातच जिरतो आणि नोझलमधून फवारा उडत नाही. फिल्टरमधील पाणी काढून टाकणे व हातपंपाने हवा काढणे, यास अर्धा तास पुरतो.

काही वेळा गाडी अर्धा तास छान चालते, मग गचके खाऊन बंद पडते, आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होते. येथे टाकीच्या झाकणाकडे पाहावे. त्यातील बारीक छिद्र बुजले असेल, तर इंधन खर्च होईल तसतशी टाकीत निर्वात पोकळी वाढते आणि इंधन पुढे जाईनासे होते. झाकण उघडताच ‘फुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज झाला, तर चोर सापडला असे समजावे.

इंजिन सदैव एका तालात अडखळत असेल, तर चारांपैकी एक सिलिंडर काम करीत नसावा. मेस्त्र्यांच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते. प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. म्हणून मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या मंद गतीवर सेकंदाला सुमारे सहा वेळा ही उणीव जाणवते. सहा म्हणजे जवळजवळ मोजता येण्याजोगी. नोझलची नळी क्षणभर सैल करून दोषी सिलिंडर शोधण्याची जुनी रीत आहे. परंतु डिझेलचा तो बारीक फवारा एवढ्या दाबाचा असतो की तो कातडीतून आत घुसतो. हे काम जाणत्या मेस्त्रीचेच आहे, आणि नव्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात तर ते कोणीच करू नये.

निदान आधी, इलाज नंतर

वरील साऱ्या विवेचनाचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, केळीचे घड भरून कुंभकोणम् येथून तंजावरकडे निघालेली एक गाडी ताशी ६० किलोमीटरला थरथरते. सुकाणू स्थिर आहे. पण आसनाखाली गुणगुणते. म्हणून पुढची चाके संशयातून सुटली. उभ्या गाडीत थरथर येत नाही, इंजिन सुटले. गियर बदलून फरक पडत नाही. तेव्हा थरथर गाडीच्या वेगाशी बांधलेली आहे. भ्रमणध्वनी सेकंदाला ३० कंपने दाखवितो. हा शाफ्टचा आकडा होय, मागच्या चाकांचा नव्हे. क्लच दाबताच ती कमी होते. अर्थात् सांध्यावरील ओढीशी तिचा संबंध आहे. अद्याप एकही पाना हातात घेतलेला नाही, तरी संशयित एकच उरला आहे. गाडीखाली पाहिल्यास टोपीभोवती तांबूस पूड दिसावी, अशी अपेक्षा बाळगूनच आपण वाकतो. आणि ती न दिसली, तर अनुमान सोडून पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

हा शेवटचा भागच खऱ्या अर्थाने शास्त्रीय आहे. अनुमान करावे, ते आकड्यांशी ताडून पाहावे, आणि पुरावा विरुद्ध गेल्यास ते सोडून द्यावे. गाडीत एक लहान वही ठेवावी. थरथर कोणत्या वेगाला आली, गाडी भरलेली होती की रिकामी, आधी कोणती दुरुस्ती झाली होती, हे तारखेसह तिच्यात लिहावे. मेस्त्रीकडे गेल्यावर ‘गाडी हलते’ एवढेच सांगण्याऐवजी ही वही त्याच्या हाती द्यावी. त्याचा अर्धा दिवस वाचेल, मालकाचे पैसे वाचतील, आणि पाने सुकण्यापूर्वी बाजारात पोहोचतील.